वाचकांचे प्रश्न: स्क्रब टायफसचे अनेक वाण आणि अंगावरची एक काळी खपली

गेल्या अंकात तापाच्या आजारांविषयी लिहिताना स्क्रब टायफसचा उल्लेख मी एका परिच्छेदात आटोपला होता. माइट नावाच्या सूक्ष्म जीवाच्या अळीच्या चाव्यातून हा रोग होतो, डॉक्सिसायक्लिन या औषधाने तो बरा होतो आणि त्याच्या जंतूचे अनेक प्रकार आहेत, एवढेच त्यात म्हटले होते. यातल्या शेवटच्या विधानाने वाचकांचे कुतूहल विशेष जागे झाल्याचे आलेल्या पत्रांवरून दिसते. सारखे प्रश्न एकत्र करून आणि लांब पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: जंतूचे ‘अनेक प्रकार’ म्हणजे नेमके काय? हे वेगवेगळे रोग समजायचे की एकाच रोगाची वेगवेगळी रूपे? टायफॉइडशी याचा काही संबंध आहे का?

टायफॉइडशी संबंध नाही. तो साल्मोनेला जिवाणूमुळे, दूषित पाणी आणि अन्न यांतून होणारा आजार आहे. स्क्रब टायफसचा जंतू सर्वस्वी निराळा आहे आणि तो पाण्यातून किंवा अन्नातून पसरत नाही.

प्रकारांविषयी सांगायचे तर रोग एकच आहे, परंतु तो घडवणारा जंतू विलक्षण बहुरूपी आहे. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हे त्याचे शास्त्रीय नाव. पूर्वी त्याची गणना रिकेट्सिया या प्रजातीत होत असे. पेशीभित्तिकेची रचना आणि जनुकीय क्रम या दोन्ही बाबतींत तो पुरेसा वेगळा आहे हे स्पष्ट झाल्यावर १९९५ मध्ये त्याच्यासाठी ओरिएन्शिया ही स्वतंत्र प्रजाती मानण्यात आली. हा जंतू केवळ जिवंत पेशीच्या आतच वाढू शकतो. प्रयोगशाळेतील नेहमीच्या पोषक माध्यमावर त्याची वाढ होत नाही, म्हणून कितीही काळजीपूर्वक केलेले साधे ब्लड कल्चर या रोगात निरुपयोगी ठरते.

दुसऱ्या महायुद्धात आशिया आणि प्रशांत महासागराच्या रणभूमीवर हजारो सैनिकांना हा रोग झाला आणि त्याच्या संशोधनाला गती आली. १९४३ मध्ये न्यू गिनीतून ‘कार्प’ हा वाण (म्हणजे जंतूचा उपप्रकार) आणि त्याच वर्षी आसाम-ब्रह्मदेश सीमेवरून ‘गिलियम’ हा वाण वेगळा करण्यात आला. पुढे १९५२ मध्ये जपानच्या निगाता भागातून ‘काटो’ मिळाला. या तिघांची तुलना करताना असे आढळले की एका वाणाविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या वाणाला नीट ओळखत नाहीत. आजही हे तीन वाण संदर्भासाठी वापरले जातात. नंतरच्या काळात जपानमधून कावासाकी, कुरोकी आणि शिमोकोशी, कोरियातून बोर्योंग, थायलंडमधून टीए७६३ आणि टीए७१६ अशी भर पडत गेली.

या भिन्नतेचे मूळ प्रामुख्याने जंतूच्या पृष्ठभागावरील ५६ किलोडाल्टन (रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) वजनाच्या एका प्रथिनात आहे. या प्रथिनात चार भाग असे आहेत की ज्यांतील अमिनो आम्लांचा क्रम वाणागणिक बदलतो. आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेची नजर नेमकी याच प्रथिनावर जास्त असते, त्यामुळे त्यात बदल झालेले जंतू टिकून राहण्याची शक्यता वाढते. जगभरातील बहुतेक जनुकीय अभ्यासांत याच प्रथिनाच्या जनुकाचा क्रम वाचून वाणांचे गट पाडले जातात, आणि त्या नोंदींनुसार कार्पशी जवळीक असलेले वाण सर्वांत व्यापक प्रदेशात आढळतात.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे मला आवश्यक वाटते. प्रतिकारशक्तीचा सर्वाधिक दाब सोसणाऱ्या एकाच जनुकावरून संपूर्ण जंतूची वंशावळ ठरवणे धोक्याचे असते. पेशीच्या रोजच्या व्यवहाराची सात जनुके घेऊन जेव्हा वर्गीकरण केले जाते, तेव्हा ५६ किलोडाल्टनच्या आधारे शेजारी बसवलेले वाण कधी कधी दूर जातात आणि दूरचे जवळ येतात. याचे कारण असे की ओरिएन्शियाचे वाण आपसांत जनुकांची देवाणघेवाण मोठ्या प्रमाणावर करतात. २००७ मध्ये बोर्योंग वाणाचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला, तेव्हा त्यात पुनरावृत्त तुकड्यांचे प्रमाण इतके मोठे निघाले की तोपर्यंत वाचलेल्या कोणत्याही जिवाणूत तसे आढळले नव्हते. जनुकसंचाची लांबी साधारण वीस लाख आधारजोड्यांच्या (डीएनएच्या ‘अक्षरां’च्या जोड्यांच्या) घरात असून त्याचा फार मोठा भाग त्याच त्या तुकड्यांच्या प्रतींनी भरलेला आहे. हे तुकडे मूळचे एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी घेऊ शकणारे जनुकीय घटक होते. काळाच्या ओघात त्यांतील बहुतेक मोडके झाले, पण त्यांच्या प्रती जागोजागी राहिल्या. त्यांच्यामुळे जनुकसंचाची मांडणी सतत उलटसुलट होत राहते. म्हणूनच दोन वाणांत जनुके बरीचशी तीच असली तरी त्यांचा क्रम पार वेगळा असतो. २०१८ मध्ये लांबलचक डीएनए सलग वाचणाऱ्या तंत्राने आठ वाणांचे पूर्ण जनुकसंच जुळवण्यात आले, तेव्हा सर्वांना समाईक अशी जनुके केवळ साडेसहाशेच्या आसपास असल्याचे दिसले.

प्रश्न: हा रोग उंदरांमुळे होतो असे ऐकले आहे, तर आपण माइटला दोष देता. खरे काय?

उंदरांचा सहभाग आहे, पण जंतूचे खरे घर माइटच आहे. लेप्टोट्रॉम्बिडियम या वंशातील हे माइट मातीत राहतात. त्यांच्या जीवनक्रमात केवळ अळीची अवस्था प्राण्याच्या अंगावर पोसली जाते, तीही आयुष्यात एकदाच. पुढच्या अवस्थांतील आणि प्रौढ माइट मातीतील बारीक कीटकांच्या अंड्यांवर जगतात. या अळीलाच चिगर म्हणतात. तिची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी असते, तिला सहा पाय असतात आणि रंग नारिंगी किंवा तांबूस असतो. गवताच्या पात्यांवर किंवा जमिनीवरच्या पालापाचोळ्यावर अशा अनेक अळ्या घोळक्याने थांबलेल्या असतात. जवळून प्राणी किंवा माणूस गेला की त्या अंगावर चढतात आणि कातडी पातळ व ओलसर असेल अशी जागा शोधतात. त्यांचा मुखावयव इतका लहान असतो की तो रक्तवाहिनीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून अळी रक्त शोषत नाही. ती लाळ सोडून कातडीच्या पेशी विरघळवते आणि तो द्रव पिते. या लाळेबरोबरच जंतू शरीरात शिरतो.

बाधित मादीच्या अंड्यांतून जंतू तिच्या पुढच्या पिढीत जातो, त्यामुळे माइटची काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जंतू बाळगून असतात. उंदीर, घुशी, चिचुंद्री यांच्या अंगावर अळ्या पोसल्या जातात, त्यांची संख्या टिकते आणि त्या एका जागेहून दुसरीकडे नेल्या जातात. निरोगी अळीला बाधित उंदराकडून जंतू मिळू शकतो, परंतु असा मिळालेला जंतू तिच्या संततीत क्वचितच उतरतो. म्हणजेच जंतूची परंपरा मुख्यतः माइटच्या वंशात चालते.

जनुकीय विविधतेशी याचा संबंध जवळचा आहे. एखाद्या परिसरात माइटच्या निरनिराळ्या जाती असतील तर तेथे निरनिराळे वाण नांदतात. एकाच माइटमध्ये, एकाच उंदरात आणि क्वचित एकाच रुग्णाच्या रक्तातही एकाहून अधिक वाण सापडलेले आहेत. दोन वाण एका पेशीत आले की जनुकांची अदलाबदल होण्यास वाव मिळतो.

प्रश्न: माझ्या मोठ्या भावाला तीन वर्षांपूर्वी स्क्रब टायफस झाला होता आणि यंदा पुन्हा झाल्याचे निदान झाले. एकदा झालेला रोग पुन्हा कसा होतो? यावर लस का नाही?

आपल्या भावाला पुन्हा हा रोग होणे पूर्णपणे शक्य आहे, त्यात निदानाची चूक असलीच पाहिजे असे नाही. महायुद्धानंतरच्या काळात स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासांतून हे स्पष्ट झाले होते की ज्या वाणाने रोग झाला त्याच वाणाविरुद्ध संरक्षण वर्षाहून अधिक काळ टिकते, पण वेगळ्या वाणाविरुद्धचे संरक्षण काही महिन्यांतच ओसरते. जेथे चार-पाच वाण एकत्र नांदतात अशा प्रदेशात राहणाऱ्या आणि शेतात वा झुडपांत काम करणाऱ्या माणसाला म्हणूनच पुन्हा पुन्हा लागण होऊ शकते.

लसीचे घोडे याच ठिकाणी अडले आहे. महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांनी मारलेल्या जंतूंची एक लस मोठ्या प्रमाणावर तयार केली होती, पण ती प्रभावी ठरली नाही. ५६ किलोडाल्टन प्रथिनावर आधारलेल्या प्रायोगिक लसी प्राण्यांत त्याच वाणापासून बऱ्यापैकी संरक्षण देतात आणि दुसऱ्या वाणापुढे तोकड्या पडतात. त्यामुळे काही संशोधकांनी ४७ किलोडाल्टनच्या, वाणागणिक फारशा न बदलणाऱ्या प्रथिनाकडे मोर्चा वळवला आहे. माझ्या मते दीर्घकाळ टिकणारे संरक्षण हवे असेल तर केवळ प्रतिपिंडांवर विसंबून चालणार नाही. पेशीच्या आत दडणाऱ्या या जंतूला टी-पेशींनी (बाधित पेशी हेरणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींनी) ओळखणे तितकेच आवश्यक आहे. आज तरी माणसांसाठी मान्यताप्राप्त लस उपलब्ध नाही.

प्रश्न: वडिलांना आठवडाभर ताप होता. रुग्णालयातील तरुण डॉक्टरांनी पडदा लावून त्यांचे सर्व कपडे उतरवून काखा, जांघा, कमरपट्ट्याखालची जागा, अगदी गुप्तांगाची त्वचाही तपासली. वडील संकोचाने अस्वस्थ झाले. हे खरोखर गरजेचे होते का?

होय, गरजेचे होते, आणि ज्या डॉक्टरांनी हे केले त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. या रोगात रोगनिदानाची सर्वांत खात्रीची खूण रुग्णाच्या अंगावरच असते, पण ती बहुधा अशा जागी असते की जी रुग्णालाही दिसत नाही आणि घाईच्या तपासणीत डॉक्टरांनाही सापडत नाही.

अळीने चावा घेतला त्या जागी आधी लहानशी तांबडी पुळी उठते. चावा दुखत नाही, खाजही येत नाही, त्यामुळे रुग्णाचे तिच्याकडे लक्ष जात नाही. काही दिवसांत पुळीवर पाणी धरते, मग मध्यभाग मरतो आणि तेथे काळी, कोरडी, किंचित खोलगट खपली तयार होते. तिच्या भोवती लालसर कडा असते. आकार साधारण अर्ध्या सेंटिमीटरपासून दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत असतो. जळत्या सिगारेटचा चटका बसल्यासारखी ही जखम दिसते. वैद्यकीय भाषेत तिला एस्कार म्हणतात. ती बहुधा एकच असते आणि जवळची लसिकाग्रंथी सुजलेली व दाबल्यावर दुखरी असते. काखेसारख्या घामट घडीत खपली टिकत नाही. तेथे केवळ पिवळसर तळाचे उथळ व्रण दिसते आणि पाहणाऱ्याला ते साधे गळू वाटते. पुरुषांत जांघ, काख आणि गुप्तांगाभोवतीचा भाग, तर स्त्रियांत छाती, स्तनांखालची घडी आणि पोट या जागा अधिक आढळतात. कानामागे, डोक्यावर केसांत, बेंबीत आणि नितंबांच्या घडीतही ती सापडते. बेंबीतील खपलीला कित्येकदा मळ समजून सोडून दिले जाते. रुग्णाच्या ग्रंथी एका बाजूच्या जांघेत सुजल्या असतील तर त्या बाजूचा पाय, नितंब आणि गुप्तांग पुन्हा नीट पाहावे, हा माझा विद्यार्थ्यांना आग्रहाचा सल्ला असतो.

चाव्यापासून ताप येईपर्यंत साधारण सहा ते एकवीस दिवस जातात, बहुतेकांत दहा-बारा दिवस. ताप एकदम चढतो, डोके फार दुखते, अंग मोडून येते, डोळे लाल होतात, कोरडा खोकला लागतो. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस धडावर बारीक पुरळ येऊ शकते, पण सावळ्या त्वचेवर ते सहज हुकते. रक्तात प्लेटलेट कमी होतात आणि यकृताची एन्झाइम्स वाढतात, त्यामुळे डेंग्यूचा भास होतो; कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा. काही रुग्णांना ऐकू कमी येऊ लागते. तापाच्या रुग्णाने कान बधिर झाल्याची तक्रार केली, तर स्क्रब टायफसचा विचार मनात यायला हवा.

जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत आणि रोगप्रतिकारक पेशींत राहतो, म्हणून त्याची झळ एका अवयवापुरती मर्यादित राहत नाही. वाहिन्या गळू लागतात आणि दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसांत पाणी साठून श्वास लागणे, मेंदूला व त्याच्या आवरणांना सूज येऊन शुद्ध हरपणे, मूत्रपिंड निकामी होणे, हृदयाच्या स्नायूला सूज येणे आणि रक्तदाब कोसळणे अशा गंभीर अवस्था उद्भवतात. उत्तर प्रदेशातील गोरखपूर भागात दरवर्षी पावसाळ्यानंतर मुलांमध्ये मेंदूज्वराची जी साथ येत असे, तिच्या मागे दीर्घकाळ मुख्यतः विषाणूच शोधले जात होते. २०१४ नंतरच्या तपासण्यांत अशा मुलांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या रक्तात स्क्रब टायफसची प्रतिपिंडे आढळली. ज्या आजाराला स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे तो इतकी वर्षे नजरेआड राहिला, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

खपली न दिसल्यास मात्र रोग नाही असे म्हणता येत नाही. निरनिराळ्या अहवालांत ती सापडण्याचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी ते नव्वद टक्क्यांहून अधिक इतके बदलते. शोधणाऱ्याची चिकाटी हे त्याचे एक कारण आहे, पण एकमेव नाही. त्याकडे पुढच्या प्रश्नात येतो.

प्रश्न: एखादा वाण दुसऱ्यापेक्षा अधिक जीवघेणा असतो का? असल्यास रुग्णाला कोणता वाण लागला आहे हे तपासून त्यानुसार उपचार का करत नाहीत?

प्राण्यांच्या पातळीवर वाणांतील फरक निर्विवाद आहे. प्रयोगशाळेतील उंदरांना कार्प वाण सामान्यतः मारक ठरतो; कावासाकी आणि कुरोकी तुलनेने सौम्य असतात. गिलियमचे वर्तन विशेष उद्बोधक आहे: उंदरांच्या काही शुद्ध वंशांना तो मारतो आणि काहींना त्याचे फारसे काही होत नाही. म्हणजे रोगाची तीव्रता ठरवण्यात जंतूच्या जनुकांइतकाच यजमानाच्या, म्हणजे ज्याला लागण झाली त्याच्या, जनुकांचाही वाटा असतो.

माणसांच्या बाबतीत चित्र इतके स्वच्छ नाही. जपानमध्ये पूर्वी नद्यांच्या पूरमैदानांत उन्हाळ्यात होणारा रोग अतिशय घातक होता. महायुद्धानंतर माइटच्या दुसऱ्या जातींमार्फत, मुख्यतः थंडीच्या आगेमागे पसरणारा जो रोग देशाच्या बऱ्याच भागांत आढळू लागला, तो सौम्य मानला जाई. वाण बदलला हे त्याचे एक कारण असावे. पण याच काळात प्रतिजैविके आली होती, हे विसरून चालणार नाही. कोरियात बोर्योंग आणि कार्प या गटांतील रुग्णांची तुलना झाली, तेव्हा बोर्योंगच्या रुग्णांत खपली आणि पुरळ अधिक वेळा आढळली. खपली सापडण्याच्या प्रमाणातील प्रादेशिक तफावतीचा काही भाग अशा वाणभेदाने समजावता येतो.

तरीही रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहिल्यावर ही माहिती उपचाराचा निर्णय बदलत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उपचार न मिळालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदींचे एकत्रित विश्लेषण झाले आहे. त्यात मृत्युदराचा मध्यक (क्रमाने मांडलेल्या आकड्यांतील मधला आकडा) ६ टक्के निघाला, पण निरनिराळ्या ठिकाणचे आकडे शून्यापासून ७० टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. एवढ्या तफावतीत वाण, वय, आधीचे आजार आणि शरीरात शिरलेल्या जंतूंची संख्या या सर्वांचा हात आहे, आणि त्यांतला वाणाचा हिस्सा वेगळा काढणे कठीण आहे. उपचार मिळालेल्या रुग्णांत हाच मध्यक दीड टक्क्याच्या आसपास येतो. रुग्णाच्या रक्तातील जंतूंच्या डीएनएचे प्रमाण जितके जास्त तितका आजार गंभीर, असा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि हे प्रमाण उपचाराला उशीर झाला की वाढते. वाणाचा क्रम वाचण्यासाठी लागणारे दिवस रुग्णाजवळ नसतात. सर्व ज्ञात वाणांवर औषध एकच असल्याने त्या वाचनाची वाट पाहण्यात त्याचा तोटाच आहे.

वाणांचे सर्वेक्षण निरर्थक आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. चाचण्या कोणत्या प्रतिजनांनी (प्रतिपिंडे ज्यांना ओळखतात त्या जंतूच्या घटकांनी) बनवाव्यात, लसीत काय असावे आणि एखाद्या प्रदेशात नवा वाण शिरला आहे का, हे त्याशिवाय कळणार नाही.

प्रश्न: चौथ्या दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह आली आणि दहाव्या दिवशीची पॉझिटिव्ह. पहिली प्रयोगशाळा चुकली का?

बहुधा नाही. एलायझा किंवा रॅपिड कार्ड या चाचण्या रुग्णाच्या रक्तातील आयजीएम प्रतिपिंडे (संसर्गानंतर सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडे) शोधतात आणि ती मोजता येण्याइतकी तयार व्हायला सुमारे आठवडा लागतो. चौथ्या दिवसाचे निगेटिव्ह उत्तर म्हणजे ‘अजून प्रतिपिंडे नाहीत’ एवढेच. या दिवसांत पीसीआर, म्हणजे थेट जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, अधिक उपयोगी पडते. रक्तापेक्षा खपलीत जंतू जास्त असतात, म्हणून निर्जंतुक चिमट्याने खपलीची कड अलगद उचलून ती कोरड्या नळीत पाठवली तर पीसीआरचे उत्तर बरेच विश्वसनीय मिळते. औषध सुरू होऊन काही दिवस झाले असले तरी खपलीतून जंतूचा डीएनए मिळू शकतो.

वाणांची विविधता येथेही आडवी येते. प्रतिपिंडांच्या चाचणीत कार्प, काटो आणि गिलियम यांचेच प्रतिजन असतील आणि रुग्णाला फारच वेगळा वाण लागला असेल, तर प्रतिक्रिया क्षीण येते. याच कारणासाठी काही संचांत चौथा वाण जोडलेला असतो. पीसीआरमध्ये ५६ किलोडाल्टनचे जनुक वाण ओळखण्यासाठी उत्तम; पण केवळ जंतू आहे की नाही एवढेच पाहायचे असेल तर ४७ किलोडाल्टनचे स्थिर जनुक अधिक भरवशाचे ठरते. वाइल-फेलिक्स ही प्रतिपिंडांची जुनी चाचणी अजूनही अनेक ठिकाणी केली जाते. ती निगेटिव्ह आली म्हणून रोग नाही असे कोणी मानू नये. तिच्यातून निसटणारे रुग्ण बरेच असतात.

प्रश्न: औषध कोणते? मुलांना व गर्भवतींना ते चालते का? जंतू औषधाला दाद देत नाही अशा बातम्या खऱ्या आहेत का?

संशय बळावला की चाचणीच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन सुरू करावे, हा सर्वमान्य नियम आहे. प्रौढांत ते सामान्यतः १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस दिले जाते. बहुतेक रुग्णांचा ताप ४८ तासांत उतरतो. तो उतरला नाही तर निदानाचा पुनर्विचार करावा. पेनिसिलिन आणि सेफालोस्पोरिन गटांतील औषधांचा येथे उपयोग होत नाही. ताप आला की सेफ्ट्रायाक्झोन लावून तीन-चार दिवस थांबण्याच्या सवयीने या रोगात मोलाचा वेळ वाया जातो.

मुलांच्या दातांवर डाग पडतील या भीतीने डॉक्सिसायक्लिन टाळण्याची प्रथा जुनी आहे, परंतु आठवड्याभराच्या उपचाराने असे डाग पडत नाहीत, हे आता मान्य झाले आहे. गर्भवतींना ॲझिथ्रोमायसिन देतात. गर्भावस्थेत हा रोग गर्भपात किंवा मृत अर्भकजन्म घडवू शकतो, म्हणून तेथे दिरंगाई अजिबात परवडत नाही.

गंभीर रुग्णांसाठी भारतातील सात रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने महत्त्वाचे उत्तर दिले. शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र दिलेल्यांत मृत्यू, सातव्या दिवशीही टिकलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही कायम असलेला ताप यांपैकी काही घडण्याचे प्रमाण ३३ टक्के होते. एकट्या डॉक्सिसायक्लिनने ४७ आणि एकट्या ॲझिथ्रोमायसिनने ४८ टक्के. मृत्यूंच्या संख्येत मात्र ठळक फरक दिसला नाही.

औषधाला दाद न देण्याची चर्चा १९९६ मध्ये उत्तर थायलंडमधील चियांग राय येथील अहवालाने सुरू झाली. तेथील काही रुग्णांचा ताप डॉक्सिसायक्लिनने अपेक्षेप्रमाणे उतरला नाही. त्यानंतर मात्र प्रतिरोधाचे निश्चित जनुकीय कारण दाखवता आलेले नाही. उशिरा आलेला रुग्ण, जंतूंचे मोठे प्रमाण किंवा जोडीने असलेला दुसरा संसर्ग यांनीही ताप लांबतो. आज तरी डॉक्सिसायक्लिनवरील विश्वास ढळण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न: हा रोग फक्त आशियातच होतो का?

जपान व रशियाचा अतिपूर्व भाग, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पाकिस्तान-अफगाणिस्तान यांना जोडणाऱ्या त्रिकोणातच तो होतो, असे बराच काळ मानले जाई. २००६ मध्ये दुबईत बाधा झालेल्या एका रुग्णाच्या शरीरातून मिळालेला जंतू ज्ञात वाणांपेक्षा इतका भिन्न निघाला की त्याला ओरिएन्शिया चुटो असे वेगळे नाव द्यावे लागले. दक्षिण चिलीतील चिलोए बेटावरही हा रोग सापडला आणि तेथील जंतू आणखी वेगळ्या जातीचा असल्याचे पुढे कळले. त्या त्रिकोणाबाहेर ज्यांनी शोधलेच नव्हते, त्यांना तो दिसणार कसा?

प्रश्न: घरात रुग्ण असेल तर इतरांना लागण होते का? बचाव कसा करावा?

रुग्णाच्या स्पर्शाने, खोकल्याने, कपड्यांतून किंवा भांड्यांतून हा रोग पसरत नाही. रुग्णाला वेगळे ठेवण्याची गरज नाही. एकाच घरातील दोघांना तो झाला असेल तर दोघेही एकाच शेतात किंवा झुडपांत गेले होते का, हे विचारावे.

अशा जागी जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत आणि उघड्या त्वचेवर डीईईटी असलेले कीटकरोधक लावावे. गवतावर थेट बसू किंवा झोपू नये, कपडे झुडपांवर वाळत घालू नयेत. परतल्यावर साबण लावून अंग घासून आंघोळ करावी आणि अंगावरचे कपडे धुवायला टाकावेत; अळी चावण्याआधी जागा शोधत काही वेळ अंगावर फिरते, त्या अवधीत ती निघून जाऊ शकते. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर आपण कोठे गेलो होतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे, आणि त्यांनी विचारले नाही तरी अंगावर कोठे न दुखणारी काळी खपली आहे का ते घरच्या माणसाकडून पाहून घ्यावे.